पन्नास पौंडांचा बोनस, साडेसतराशे पौंडांची उलाढाल

फेब्रुवारी २०२४ मधली एक नाईट. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या ज्या केअर होममध्ये मी सीनियर केअरर आहे, तिथे रात्री तीनच्या फेरीनंतर पाऊण तास जरा निवांत मिळतो. बारा नंबरच्या आजींची कूस बदलून झाली होती, चार्ट भरून झाला होता. चहाचा मग घेऊन स्टाफरूममध्ये बसले आणि फोन उघडला. मुलाच्या शाळेच्या सहलीचे १८० पौंड महिनाअखेरीला भरायचे होते, तेच डोक्यात घोळत होतं. तेवढ्यात एका ऑनलाइन कॅसिनोची जाहिरात समोर आली: पन्नास भरा, शंभरने खेळा.

खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. तिच्यात ‘३५ एक्स’ असं लिहिलेलं होतं आणि ते मी वाचलं होतं, हे मला पक्कं आठवतं. वाचलं, पण उमगलं नाही. पस्तीस डाव असतील, पस्तीस दिवस असतील, असं काहीतरी समजून पुढे गेले. नंतर विचारलं तेव्हा आमच्याच केअर होममध्ये आणखी तिघी अशा निघाल्या, ज्यांनी असा बोनस घेतला होता आणि हा आकडा पाहिलाही होता. एकीलाही त्याचा अर्थ सांगता आला नाही. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, अगदी पेन्सपर्यंतच्या हिशेबासकट.

खातं उघडायला दहा मिनिटं लागली. नाव, पत्ता, जन्मतारीख, पासपोर्टचा फोटो. इथे ओळख पटवल्याशिवाय खेळू देत नाहीत. क्रेडिट कार्डही चालत नाही, एप्रिल २०२० पासून जुगारासाठी त्यावर बंदी आहे. डेबिट कार्डाने ५० पौंड भरले. पैसे भरायच्या पानावर एक छोटा चौकोन होता, ‘बोनस हवा’, आणि त्यात बरोबरची खूण आधीच होती. ती काढता येते, बोनस न घेताही खेळता येतं, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. फुकट मिळणारी गोष्ट कोण नाकारेल?

स्क्रीनवर तीन आकडे दिसायला लागले. रोख ५०.००, बोनस ५०.००, एकूण १००.००. एकूण ठळक आणि मोठ्या अक्षरांत, बाकीचे दोन त्याच्याखाली बारीक. त्याच्याखाली एक हिरवी पट्टी होती, रिकामी, शून्य टक्के.

स्लॉट सुरू केला, म्हणजे बटण दाबलं की चित्रं फिरतात तो खेळ. एकदा फिरवलं की एक स्पिन, आणि एका स्पिनला पन्नास पेन्स. पहिल्या रात्री फार काही झालं नाही, थोडे गेले, थोडे आले. दुसऱ्या नाईटला, पहाटे चारच्या सुमारास, खेळातल्याच एका जादा फेरीत एकदम मोठी रक्कम लागली. आणखी थोडं खेळून थांबले तेव्हा आकडे असे होते: रोख १३८.००, बोनस ५०.००, एकूण १८८.००. हिरवी पट्टी २२ टक्क्यांवर.

१८८. सहलीचे १८० त्यात बसत होते. माझे हात अक्षरशः गार पडले होते. मी ‘पैसे काढा’ दाबलं आणि १८० टाकले. उपलब्ध रक्कम १३८ आहे, असं उत्तर आलं. बरं, म्हटलं, १३८ तर १३८, बाकीचे पगारातून घालू. आकडा बदलला. तर लाल चौकटीत मजकूर आला: पैसे काढल्यास तुमचा चालू बोनस आणि जिंकलेली रक्कम रद्द होईल, पुढे जायचं का?

जिंकलेली रक्कम रद्द होईल. मी याचा अर्थ असा घेतला की जिंकलेले ८८ जातील आणि हातात फक्त माझे ५० उरतील. मग काय उपयोग? पट्टी भरली की सगळं सुटेल असं वाटत होतं आणि पट्टी २२ टक्के भरलेली होतीच. मी ‘नको’ दाबलं.

पुढच्या चार रात्रींचं विशेष सांगण्यासारखं काही नाही. आधी रोख संपली, मग बोनसचे पैसे वापरात आले, मग तेही संपले. शेवटचा स्पिन झाला तेव्हा पट्टी ६१ टक्क्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर मी त्यांच्या चॅटवर लिहिलं. राग नव्हता, एवढंच विचारायचं होतं की पट्टी अर्ध्याच्या वर भरली होती, तर अर्धे तरी पैसे मिळतात का. समोरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की नाही, पट्टी पूर्ण भरली तरच बोनसची रक्कम रोख होते. आणि मग जाता जाता म्हणाला, ‘तुमची रोख शिल्लक मात्र तुम्ही कधीही काढू शकत होता. पट्टीचा तिच्याशी संबंध नाही.’

मी तीनदा वाचलं ते वाक्य. १३८ पौंड माझे होते. तिथल्या तिथे, त्या पहाटे. लाल चौकटीतली ‘जिंकलेली रक्कम’ म्हणजे बोनसच्या पैशांनी जिंकलेली रक्कम, आणि बोनसच्या पैशांना तर मी तोवर हातही लावलेला नव्हता. रद्द झाला असता तो न वापरलेला ५० पौंडांचा बोनस, एवढंच.

त्या रविवारी मी आणि नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. फोनवर त्या बोनसच्या अटी उघडल्या, सुपरमार्केटची लांबलचक पावती उलटी केली आणि एकेक कलम लिहून काढायला घेतलं. नवरा पूर्वी नाशिकला दुकानाचे हिशेब लिहायचा, त्यामुळे त्याला आकड्यांचा कंटाळा नाही. त्यानेच पहिल्यांदा योग्य शब्द वापरला. म्हणाला, ‘अगं, हे उलाढालीचं आहे. तुला पस्तीस पट उलाढाल करून दाखवायची होती.’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजीत त्याला ‘वेजरिंग रिक्वायरमेंट’ म्हणतात, पण उलाढाल म्हटलं की आपल्याला कळतं. बोनस ५० पौंड, त्याच्या पस्तीस पट म्हणजे १,७५० पौंड. एवढ्या रकमेच्या पैजा लावून व्हायला हव्यात. जिंकायच्या किंवा हरायच्या नाहीत, फक्त लावायच्या. पन्नास पेन्सचा एक स्पिन केला की १,७५० मधले पन्नास पेन्स कमी झाले, त्यात काही लागो वा न लागो. म्हणजे ३,५०० स्पिन. इथे ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे की एक स्पिन अडीच सेकंदांच्या आत होता कामा नये आणि आपोआप फिरत राहणारे स्पिन बंद. म्हणजे श्वास न घेता बटण दाबत बसलं तरी सुमारे दोन तास पंचवीस मिनिटं. पट्टीवरचे २२ टक्के म्हणजे ३८५ पौंडांच्या पैजा. ६१ टक्के म्हणजे १,०६७ पौंड ५० पेन्स. खिशातले ५० पौंड घालून हजार पौंडांच्या वर पैजा मी लावल्या होत्या. तेच पैसे फिरून फिरून. मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग दुसरा प्रश्न आला: एवढी उलाढाल करताना मध्ये किती झिजतं? प्रत्येक स्लॉटला परताव्याची टक्केवारी असते, तिला आरटीपी म्हणतात. इथे ती खेळाच्या माहितीच्या पानावर द्यावीच लागते. मी खेळलेल्या स्लॉटचं ते पान आम्ही शोधलं: ९४ टक्के. म्हणजे फार मोठ्या संख्येने स्पिन झाले तर दर शंभर पौंडांच्या पैजांमागे सरासरी ९४ परत येतात आणि सहा कॅसिनोकडे राहतात. १,७५० चे सहा टक्के म्हणजे १०५ पौंड. बोनस ५० चा, आणि तो सोडवायला सरासरी १०५ ची झीज. नवऱ्याने पावतीवर १०५ च्या भोवती पेनाने गोल काढला आणि काही न बोलता पेन खाली ठेवलं.

९६ टक्क्यांचा स्लॉट निवडला असता तर? तर झीज ७०. तीही ५० पेक्षा जास्तच. आणि एकच स्लॉट वेगवेगळ्या कॅसिनोंत वेगवेगळ्या आरटीपीवर चालतो. बनवणारी कंपनी त्याच खेळाच्या दोन-तीन आवृत्त्या देते, कुठली लावायची ते कॅसिनो ठरवतं. नाव तेच, चित्रं तीच, आवाज तोच. त्यामुळे मैत्रिणीने सांगितलेला आकडा उपयोगाचा नाही, आपल्याच स्क्रीनवरचं माहितीचं पान उघडून बघावं लागतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. सरासरी झीज १०५ म्हणजे तुमचे १०५ जाणारच असं नाही. खिशात आहेत त्यापेक्षा जास्त हरता येत नाही, आणि कुणाला मध्येच मोठी रक्कम लागते, कुणाची पट्टी भरतेही. पण बहुतेकांच्या बाबतीत पट्टी भरायच्या आधी पैसे संपतात. माझे ६१ टक्क्यांवर संपले. तो माझ्या नशिबाचा खेळ आहे असं मी आठवडाभर धरून बसले होते. पावतीवरचा हिशेब बघितला तेव्हा कळलं की असंच होणं जास्त शक्य होतं.

नवऱ्याला वाटलं, स्लॉटऐवजी ज्या खेळात कॅसिनोचा वाटा कमी, तो खेळला तर? युरोपियन रूलेटच्या चाकावर शून्य धरून ३७ घरं असतात आणि एका घरावर लागलं तर मूळ पैशासह ३६ पट मिळतात, म्हणजे कॅसिनोचा वाटा २.७ टक्के. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ अगदी पुस्तकी चालीने खेळलं तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण त्याची सोय अटींत आधीच केलेली होती. खाली एक तक्ता होता: स्लॉट १०० टक्के, रूलेट १० टक्के, ब्लॅकजॅक १० टक्के. म्हणजे रूलेटवर एक पौंड लावला तर पट्टीत दहाच पेन्स जमा होणार. तेव्हा १,७५० ऐवजी १७,५०० पौंडांच्या पैजा लावायच्या. त्याचे २.७ टक्के काढा, ४७२ पौंड ५० पेन्स. ब्लॅकजॅकला, एकही चूक न करता, ८७ पौंड ५० पेन्स. कुठूनही गेलं तरी ५० च्या वरच. तो तक्ता ज्याने बसवला त्याला हे गणित येतं, आणि आपण खेळतो तेव्हा ते आपल्याला येत नसतं, हे मला फार लागलं. आम्ही दोघं दोन तास बसलो तेव्हा आम्हाला जमलं. पहाटे तीन वाजता स्टाफरूममध्ये कोण बसणार असा हिशेब करत?

अटींत आणखी काय काय होतं, ते पटकन सांगते. मुदत सात दिवस, त्यात पट्टी भरली नाही तर बोनस जातो. बोनस चालू असताना एका स्पिनला पाच पौंडांच्या वर लावायचं नाही. काही खेळ यादीतून वगळलेले, ते खेळले तर पट्टी हलत नाही. बोनसमधून जास्तीत जास्त किती पैसे सुटतील त्याचीही मर्यादा. आणि फुकट स्पिन देत होते त्यावरही तीच पट होती: फुकट स्पिनमध्ये ८ पौंड लागले तर ८ गुणिले ३५, म्हणजे २८० पौंडांची उलाढाल, आणि ९६ टक्क्यांच्या स्लॉटवरही तिची झीज ११ पौंड २० पेन्स.

एक कलम मात्र थांबून वाचण्यासारखं आहे, कारण तिथे एका शब्दाने रक्कम दुप्पट होते. पट कशाची? माझ्या बाबतीत फक्त बोनसची होती. काही ठिकाणी ‘बोनस अधिक ठेव’ असं लिहिलेलं असायचं. मग ५० नाही, १०० च्या पस्तीस पट, म्हणजे ३,५००. जाहिरातीत दोन्हीकडे ‘३५ एक्स’च दिसायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम, ज्याने माझे १३८ घालवले, ते अटींत अठराव्या ओळीला होतं: आधी रोख शिल्लक वापरली जाईल, ती संपल्यावर बोनस. म्हणजे बोनस हा खरं तर मागे उभा असतो. तुमचे स्वतःचे पैसे संपल्याशिवाय तो पुढे येत नाही. तुमच्या पैशांवर तुम्ही जिंकलात, तर ते तुमचे, काढा आणि जा. इथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने याच प्रश्नावर चौकशी केली होती आणि २०१८ मध्ये काही कंपन्यांकडून लेखी घेतलं होतं की खेळाडूने भरलेले पैसे बोनसच्या अटींखाली अडकवणार नाही. ती सोय माझ्यासाठीच होती आणि ती वापरायच्या क्षणी मी घाबरून ‘नको’ दाबलं. आता कुणीही विचारलं की मी आधी हेच सांगते: ‘एकूण’ बघू नकोस, ‘रोख’ बघ. आणि काढायला टाकले की मागे फिरायची सोय इथे २०२१ पासून बंद आहे, कॅसिनोला ‘रद्द करून परत खेळा’ असं बटण देता येत नाही. त्यामुळे एकदा धीर करून दाबलं की झालं.

मी तक्रार केली. पैसे परत मिळतील अशी आशा फार नव्हती, पण ती लाल चौकट चुकीची आहे हे कुणीतरी ऐकून घ्यावं असं वाटत होतं. रोख आणि बोनस हे दोन शब्द त्या चौकटीत असते तर माझ्यासारखीला कळलं असतं. मी स्क्रीनशॉट जोडून लिहिलं. इथे कंपनीला उत्तर द्यायला आठ आठवडे मिळतात. सातव्या आठवड्यात उत्तर आलं की सर्व अटी पानावर उपलब्ध होत्या, तरी सदिच्छा म्हणून २० पौंडांचा बोनस देत आहोत. खाली बारीक अक्षरांत तीच पट. मी नको म्हणून कळवलं.

मग त्रयस्थ निवाड्याकडे गेले. परवाना असलेल्या प्रत्येक कंपनीला अशी एक मान्यताप्राप्त निवाडा संस्था नेमून द्यावी लागते आणि खेळाडूला तिथे एक पैसा लागत नाही. फॉर्म सोपा होता. मी तारखा, वेळा, तिन्ही आकडे, पट्टीचे टक्के, चॅटमधलं वाक्य, सगळं दिलं. निकाल माझ्या विरुद्ध गेला: अट स्पष्ट लिहिलेली होती आणि ‘नको’ मी स्वतः दाबलं होतं. मला तो निकाल पटलेला नाही. पण उत्तर तीन पानी होतं, माझा प्रत्येक मुद्दा घेऊन त्यावर लिहिलेलं होतं, आणि तक्रार कशी मांडायची हे मला त्यातून कळलं. पुढे आमच्यातल्या एका केरळच्या मैत्रिणीचं असंच प्रकरण झालं, तिचा फॉर्म मीच भरून दिला.

दरम्यान नियम बदलले. मार्च २०२५ मध्ये इथल्या गॅम्बलिंग कमिशनने, म्हणजे जुगारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, जाहीर केलं की बोनसची उलाढाल दहा पटीच्या वर मागता येणार नाही. आधी डिसेंबर २०२५ ची तारीख होती, ती पुढे जाऊन १९ जानेवारी २०२६ पासून ते लागू झालं. स्लॉट खेळलात तर सट्ट्याचा बोनस, सट्टा लावलात तर स्लॉटचे स्पिन, अशा एकात एक गुंतवलेल्या योजनाही त्याच दिवसापासून बंद. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉटच्या एका स्पिनला पाच पौंडांची मर्यादा आली होती, आणि मे महिन्यात १८ ते २४ वयाच्या मुलांसाठी दोन पौंडांची.

बातमी वाचली त्या संध्याकाळी मी तीच जुनी पावती काढली. ती मी जपून ठेवली आहे, शाई पुसट झाली आहे पण मागची आमची अक्षरं टिकून आहेत. ५० च्या दहा पट, ५०० पौंड. ९४ टक्क्यांच्या स्लॉटवर झीज ३०, ९६ वर २०. म्हणजे आता ५० च्या बोनसमधले सरासरी २० ते ३० पौंड हातात राहू शकतात. पस्तीस पटीत सरासरीने काहीच राहत नव्हतं. हा फरक खरा आहे, तो करून घेण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, पुरावे दिले त्यांचे मला उपकार वाटतात. पण बोनस घेतला नसता तर जे ५० पौंड खात्यातून निघालेच नसते, ते या हिशेबात कुठे येत नाहीत. माझं मत विचाराल तर पैसे भरताना त्या चौकोनातली खूण काढून टाकावी. माझ्यापुरतं मी त्याच्याही पुढे गेले. गॅमस्टॉप या स्वतःवर बंदी घालून घ्यायच्या यादीत नाव घातलं. फुकट आहे, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं असे पर्याय आहेत, आणि एकदा नाव गेलं की परवाना असलेली इथली कुठलीही साइट खातं उघडू देत नाही. मी पाच वर्षं निवडली. नाईटच्या त्या पाऊण तासात आता मी फोन लॉकरमध्ये ठेवते.

हे सगळं कामाला आलं ते मात्र नाशिकच्या एका फोनमुळे. धाकट्या भावाचा, रात्री अकराला, तिकडचे साडेतीन वाजलेले म्हणजे. अशा वेळी फोन आला की आईचं काही झालं की काय, असंच मनात येतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, झोपली नाहीस ना? तुला ते बोनसचं कळतं ना, ते सांग मला.’

त्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली होती. दोन हजार भरा, पाचशे टक्के बोनस. त्याने भरले होते. खात्यात बारा हजार दिसत होते आणि एक रुपया निघत नव्हता. मी आधी विचारलं, अरे पण तिकडे हे आता बंद आहे ना? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, नशिबाचे असोत की कौशल्याचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला ते माहीत होतं. म्हणाला, ‘ही परदेशातली आहे, चालते.’ चालते म्हणजे उघडते. पण माझ्यामागे आठ आठवड्यांचा नियम होता, निवाडा संस्था होती, परवाना रद्द होण्याची भीती कंपनीला होती. त्याच्यामागे यातलं काहीच नाही. तो तक्रार कुणाकडे करणार?

बोनसचे पैसे म्हणजे नक्की काय, हे मी त्याला दोनदा सांगितलं, तरी त्याच्या गळी उतरेना. मग मला त्याची गोव्याची ट्रिप आठवली. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर तो मित्रांबरोबर गेला होता आणि प्रवेशाच्या पैशांत त्यांना काही चिप्स मिळाल्या होत्या. म्हटलं, ‘त्या चिप्स काउंटरवर देऊन पैसे मिळाले होते का तुला?’ म्हणाला, ‘छे, त्या एकदा लावायच्या असतात. त्यावर लागलं तर जे मिळतं ते खरं.’ म्हटलं, ‘तसंच हे. तुझे दहा हजार हे तसल्या चिप्स आहेत. तिथे एकदा लावायच्या होत्या. इथे किती वेळा लावायच्या आहेत ते अटींत शोध.’

तो वाचायला लागला. इंग्रजी अडखळत, एकेक शब्द मोठ्याने. मी मध्ये मध्ये थांबवत होते. ‘साठ पट.’ कशाच्या साठ पट, ते वाच. ‘डिपॉझिट प्लस बोनस.’ म्हणजे दोन हजार अधिक दहा हजार. कागद घे. त्याने लाईट बिल घेतलं. बारा हजार गुणिले साठ. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, ‘ताई, शून्य चुकलं वाटतं माझं.’ चुकलं नव्हतं. मी वीस रुपयांच्या स्पिनने किती स्पिन होतात ते करायला सांगितलं. छत्तीस हजार. मी त्याला तेही सांगितलं की इथल्या अडीच सेकंदांच्या हिशेबाने तेवढे स्पिन करायला पंचवीस तास लागतात.

‘म्हणजे माझे दोन हजार?’

मी म्हटलं ते गेले असं धर, आणि आता पैसे सोडवायला म्हणून टॅक्स भरा, फी भरा असं कुणी म्हणालं तर एक रुपयाही द्यायचा नाही. तसा मेसेज त्याला त्याच दुपारी आला होता, तीन हजार भरा म्हणून. त्यासाठीच त्याने फोन केला होता, ते मला तेव्हा कळलं. त्याला १९३० नंबर दिला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा, आणि बँकेचा मेसेज, लिंक, चॅट, सगळ्याचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेव म्हटलं. आई उठली असावी, कारण त्याने एकदम ‘ठेवतो’ म्हटलं.

दहा मिनिटांनी फोटो आला. लाईट बिलाची मागची बाजू, निळ्या पेनाने केलेला गुणाकार, खाली ७,२०,००० आणि त्याखाली दोन रेघा. सोबत लिहिलं होतं, ‘ताई, एकदा बघ, बरोबर आहे ना?’

मी माझी जुनी पावती शेजारी ठेवली, त्याचा आकडा पुन्हा करून पाहिला आणि कळवलं, ‘बरोबर आहे.’